जुन्या टाटा-बेंझसाठी चाकं शोधताना

जुना ट्रक पुन्हा उभा करायला घेतलेला माणूस आधी इंजिनाकडे वळतो, मग केबिनच्या पत्र्याकडे, आणि चाकांची पाळी सगळ्यात शेवटी येते. टायर चढलेले आहेत, गाडी ढकलली तर सरकते, एवढ्यावर समाधान मानलं जातं. माझं म्हणणं असं की चाकांचा शोध पहिल्या आठवड्यातच सुरू करावा. हे काम सर्वांत जास्त लांबतं, आणि त्यातली चूक थेट जिवावर बेतते.

उदाहरण म्हणून आपल्याकडचीच गाडी घेऊ. टेल्को आणि जर्मनीच्या डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ साली झाला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले. १९६९ मध्ये करार संपला आणि नाकावरच्या ताऱ्याच्या जागी टाटांचं चिन्ह आलं. या घराण्यातला १२१० हा आकडा जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी अजून आहे. पहिले दोन अंक गाडीचं भरलेलं एकूण वजन टनांत सांगतात, पुढचे दोन अश्वशक्तीचा दहावा भाग. म्हणजे १२ टन आणि साधारण १०० अश्वशक्ती. असा एखादा ट्रक शेताच्या कडेला सापडतो तेव्हा त्याची चाकं बहुधा आधीच बदललेली असतात. मागच्या चारपैकी दोन एका गाडीची, दोन दुसऱ्या गाडीची, स्टेपनी तिसरीच. त्यामुळे गाडीवर जे चाक आहे तेच मूळचं, असं धरून चालणं धोक्याचं आहे. माप चाकाचं घ्यायचं तसंच हबचंही घ्यायचं, आणि दोन्ही जुळत नसतील तर हबवर विश्वास ठेवायचा.

गॅरेजमध्ये ज्याला ‘डिस्क’ म्हणतात ते चाक खरं तर अनेक तुकड्यांचं असतं. मधली खोलगट तबकडी हबला बोल्टांनी बसते. तिच्याभोवती रिमचा पट्टा वेल्ड केलेला असतो. या पट्ट्याला एकाच बाजूला कायमची कड असते, दुसरी बाजू मोकळी. टायर, ट्यूब आणि फ्लॅप मोकळ्या बाजूने सरकवायचे, मग कडेची रिंग बसवायची आणि तिला अडवायला लॉक. हे लॉक म्हणजे एका जागी कापलेली पोलादी बांगडीच. ती रिमच्या खाचेत जाऊन बसते. काही रिममध्ये रिंग आणि लॉक ही दोन्ही कामं एकच कापलेली रिंग करते. म्हणून कुठे दोन तुकड्यांची रिम, कुठे तीन तुकड्यांची.

या लॉकवर किती भार येतो याचा अंदाज घ्या. ९.००-२० मापाच्या टायरमध्ये १०० पौंड हवा भरली की टायरची बाजू रिंगला बाहेर ढकलू लागते. २० इंचांच्या रिमपासून टायरच्या सर्वांत फुगीर भागापर्यंतचं क्षेत्रफळ धरून ढोबळ हिशेब केला तर हा जोर १७-१८ टनांपर्यंत जातो. अख्ख्या भरलेल्या १२१० च्या वजनाहून जास्त. तो सगळा जोर त्या खाचेतल्या अरुंद कडेने पेललेला असतो. खाच गंजून झिजली असेल किंवा रिंग दुसऱ्याच बनावटीची असेल, तर रिंग उडते. समोर कोण आहे हे ती बघत नाही.

म्हणून शोधाचा पहिला नियम: डिस्क, रिंग आणि लॉक एकाच बनावटीचे, एकाच मापाचे हवेत. दोन कंपन्यांच्या रिंगा शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना सारख्या दिसतात. खाचेचा उतार दोन-तीन मिलिमीटरने वेगळा असतो. दुकानदार ढिगातून रिंग उचलून ‘बसते की’ म्हणतो. हवा नसताना ती बसतेच. तारेच्या ब्रशने गंज काढला की रिमवर आणि रिंगवर ठोकलेली अक्षरं दिसू लागतात: माप, बनवणाऱ्याचं नाव, कधी तारीख. ती दोन्हींवर जुळायला हवीत. अक्षरं वाचताच येत नसतील तर तो जोड सोडून द्यावा, कितीही स्वस्त असला तरी.

मापांपैकी रिमचं माप सर्वांत सोपं, कारण ते लिहिलेलंच असतं. ‘७.००टी-२०’ यात ७ इंच म्हणजे दोन कडांमधली आतली रुंदी, टी हा कडेच्या आकाराचा संकेत आणि २० इंच हा टायरची कड जिथे बसते तिथला व्यास. ८.२५-२० टायरला ६.५ इंची रिम, ९.००-२० ला ७ इंची, १०.००-२० ला साडेसात इंची, ११.००-२० ला ८ इंची, अशी मुख्य जोडी आहे. १२१० च्या पिढीत ९.००-२० सर्रास दिसतो. त्या रिमवर मोठा टायर चढवून गाडी दणकट दाखवण्याचा मोह टाळावा.

खरी मेख आहे ती बोल्टांच्या वर्तुळात. सगळ्या बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजायचा. भोकं समसंख्येत असतील तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत सरळ टेप धरा; मध्य शोधत बसण्याची गरज नाही. पाच भोकं असतील तर समोर भोक येत नाही. तेव्हा शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणायचं. युरोपीय वळणाच्या जड गाड्यांवर १० बोल्ट आणि ३३५ मिलिमीटरचं वर्तुळ हे रुळलेलं माप आहे, मधलं भोक २८१ मिलिमीटर. मध्यम गाड्यांवर ८ बोल्ट, २७५ मिलिमीटर आणि मधे २२१. अमेरिकी जड ट्रकलाही १० च बोल्ट असतात, पण वर्तुळ सव्वाअकरा इंचांचं, म्हणजे २८५.७५ मिलिमीटर. ‘दहा होलची डिस्क आहे’ असं फोनवर कुणी सांगितलं तर त्यावरून काहीच ठरत नाही.

महायुद्धानंतर लिलावात निघालेल्या, आपल्याकडे ज्यांना ‘डिस्पोजलच्या’ गाड्या म्हणत, त्यांचं गणित आणखी निराळं. जीएमसीच्या अडीच टनी ट्रकला ७.५०-२० टायर आणि पावणेनऊ इंची वर्तुळावर सहा बोल्ट. कॅनडात फोर्ड आणि जनरल मोटर्सने बनवलेल्या लष्करी ट्रकच्या रिमचे दोन अर्धे भाग नटांनी एकत्र आवळलेले असतात. अशा चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात, एक हबचं आणि एक रिमचं. टायरमध्ये हवा असताना रिमच्या नटांना पान्हा लावला की दोन्ही अर्धे भाग बंदुकीच्या गोळीगत सुटतात. चाक ओळखता येत नसेल तर एकाही नटाला हात लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडावी.

पुन्हा टाटा-बेंझकडे येऊ. भोकं आणि वर्तुळ जुळलं तरी नट बसतो ती जागा पाहायची राहते. जुन्या गाड्यांत चाक मध्यावर आणण्याचं काम बहुधा नटच करतात: नटाची बैठक निमुळती किंवा गोलाकार असते आणि भोकाला तशीच वाटी असते. नव्या गाड्यांत चाक हबच्या मधल्या कडेवर टेकतं आणि नट सपाट बसतो. सपाट नटाची नवी डिस्क जुन्या हबवर चढते, दिसायलाही ठीक दिसते, पण तिला मध्यावर धरणारं काही नसतं. ती हलत राहते, भोकं लांबट होतात, बोल्ट तुटतात. खात्री करण्याचा सोपा मार्ग असा: नटाच्या बैठकीला फिटर वापरतात तो निळा रंग पातळसा लावा, नट हाताने आवळा, सोडा आणि भोकाची वाटी पाहा. रंग गोल सगळीकडे उमटला पाहिजे. एकाच बाजूला उमटला तर नट आणि डिस्क एकमेकांची नाहीत.

आटेही तपासून घ्यावेत. जुन्या ट्रकच्या बऱ्याच घराण्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. नवखा माणूस नेहमीच्या दिशेने जोर लावून नट सोडवायला जातो आणि प्रत्यक्षात तो आवळत असतो. मग पाइप लावून बोल्ट मोडतो. बोल्टच्या टोकावर डाव्या-उजव्याची खूण असेल तर आधी ती वाचावी.

मागच्या जोडचाकांसाठी तबकडीचा खोलगटपणा महत्त्वाचा. दोन डिस्क पाठीला पाठ लावून बसतात आणि त्यांच्या खोलीमुळे दोन टायरांत अंतर राहतं. तबकडीच्या टेकणाऱ्या बाजूपासून रिमच्या मध्यरेषेपर्यंत समजा १५० मिलिमीटर भरले, तर जोडीच्या मध्यांतलं अंतर ३०० होतं. ९.००-२० टायरची रुंदी साधारण २६० असते, म्हणजे मधे ४० मिलिमीटर फट. माल भरला की टायर जमिनीजवळ फुगतात आणि ही फट अजून कमी होते. कमी खोलीची डिस्क लावली तर टायर एकमेकांना घासून तापतात, आणि खडीच्या रस्त्यावर मधे अडकलेला दगड दोघांनाही कापतो. पुढच्या धुरेला हीच डिस्क उलटी लागते. म्हणूनच सातही चाकं एकसारखी हवीत, नाहीतर स्टेपनी नेमक्या वेळी एकाच जागी बसते आणि दुसरीकडे नाही. डिस्क ड्रमला घासत नाही ना आणि आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या डिस्कच्या खिडकीतून हाताला लागतो ना, तेही याच वेळी बघून घ्यावं.

ही सगळी मापं एका कागदावर लिहून, हबचा आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून मगच बाहेर पडावं. मुंबईचं कुर्ला, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार ही जुन्या सुट्या भागांची ठिकाणं सर्वांना माहीत आहेत. तिथे कारच्या मालाची रेलचेल असते. जड गाडीसाठी कळंबोली, निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, नाशिकचं आडगाव नाका अशा ट्रक तळांजवळच्या टायरवाल्यांकडे चौकशी जास्त फळते. माझा सर्वांत जास्त भरवसा मात्र ऊसपट्ट्यावर आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांखाली जुन्या ट्रकच्या धुरा आणि चाकं अजून फिरत आहेत. ट्रॉली बनवणाऱ्या वर्कशॉपच्या मागच्या अंगणात वीस इंची डिस्कचे ढीग दिसतात, आणि तिथला मिस्त्री कोणती डिस्क कुठल्या गाडीची हे नुसतं पाहून सांगतो. पाण्याचे जुने टँकर आणि बोअरवेलच्या गाड्यांकडेही लक्ष ठेवावं. एसटीच्या भंगार गाड्यांचे लिलाव होतात. टाटा आणि लेलँडच्या त्या बसगाड्यांची चाकं ट्रकच्याच कुळातली असतात, पण लिलावात सुटं चाक मिळत नाही, ते लिलाव घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्यावं लागतं.

एका बाबतीत आपण नशीबवान आहोत. ट्यूबचे वीस इंची टायर आपल्याकडे अजून बनतात आणि त्यांच्यासाठी रिमही बनतात. त्यामुळे वर्तुळ आणि नटाची बैठक जुळत असेल तर सात नव्या डिस्क, रिंगा-लॉकसकट, घेणं हाच मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. जुन्या मूळ डिस्क प्रदर्शनापुरत्या ठेवाव्यात. ट्यूबलेसचा पर्याय काही जण निवडतात, ९.००-२० च्या जागी १०आर२२.५ टायर साधारण त्याच उंचीचा येतो, रिम एकसंध असल्याने रिंगेचा धोकाच संपतो. गाडीचं रूप तेवढं बदलतं. रोज माल वाहणाऱ्या जुन्या गाडीला मी तोच सुचवेन.

जुनी डिस्क घ्यायचीच असेल तर रंग लावलेली घेऊ नये. रंगाखाली काय आहे ते दिसत नाही. भोकांच्या मधे आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांत केसासारख्या भेगा शोधाव्यात. नटांच्या जागेपासून गंजाचे ओघळ निघालेले असतील तर ते चाक ढिल्या नटांवर चाललेलं आहे. लांबट झालेलं भोक, वेल्डिंग केलेली भेग, तापवून सरळ केलेली रिंग यांपैकी काहीही दिसलं तर डिस्क भंगारातच राहू द्यावी. लॉक सपाट फरशीवर ठेवून पाहावं. एक टोक वर उचललेलं असेल तर त्याला पीळ पडलाय. सँडब्लास्टिंगनंतर खाच पुन्हा एकदा तपासावी, कारण गंज निघाल्यावरच खरी जाडी कळते.

हवा भरणं हा सर्वांत नाजूक टप्पा. अमेरिकेत फायरस्टोनच्या आरएच-५ या दोन तुकड्यांच्या रिमने इतके बळी घेतले की ड्रायव्हर तिला विधवा करणारी रिम म्हणू लागले. तिथल्या सरकारने १९८० मध्ये तुकड्यांच्या रिमसाठी नियम केला: पोलादी पिंजऱ्याशिवाय हवा भरायची नाही, वेगवेगळ्या बनावटीचे भाग एकत्र करायचे नाहीत. आपल्या हायवेवर टॉमी अडकवून किंवा साखळी गुंडाळून काम भागवलं जातं. ते पुरेसं नाही. पिंजरा असलेलंच दुकान शोधावं, लांब नळी आणि व्हॉल्व्हला चिकटून राहणारा चिमटा वापरावा, भरताना बाजूला उभं राहावं. रिंग नीट बसली नाही असं दिसलं तर हातोडी मारू नये. सगळी हवा सोडून पहिल्यापासून बसवावं. जोडचाकातलं बाहेरचं चाक काढण्याआधीही दोन्ही टायरांची हवा सोडावी, कारण आतली रिम फुटलेली असेल तर तिला बाहेरच्या चाकाचाच आधार असतो.

चाक चढवताना डिस्क हबला आणि डिस्क डिस्कला जिथे टेकते तिथे रंगाचा जाड थर नको. तो दबतो आणि नट सैल होतात. नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळावेत, आणि पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर गाडी सावलीत उभी करून सगळे नट पुन्हा एकदा पान्ह्याने तपासावेत, स्टेपनीच्या पट्ट्याचेसुद्धा.