पाडसाची आर्त हाक, माणसाचा सापळा

जबलपूरच्या राइट टाउनहून सुमारे १६० किलोमीटरवरच्या कान्हा राष्ट्रीय उद्यानाला निघण्यापूर्वी हे जाणून घ्या :

■ युक्ती : उत्तर अमेरिकेतले शिकारी खास शिट्टीतून संकटातल्या पाडसाचा आवाज काढतात. त्या आवाजाकडे धावलेली मादी बंदुकीच्या टप्प्यात येते.

■ शास्त्र : सुसान लिंगल आणि टोबियास रीडे यांनी २०१४ मध्ये कॅनडातला प्रयोग प्रसिद्ध केला. स्वराची पट्टी पाडसाच्या जवळपास असेल, तर सील, मांजर, अगदी माणसाच्या बाळाच्या रडण्याकडेही हरणी धावल्या.

■ फरक : सफारीत ऐकू येणारा चितळ-सांबराचा ‘कॉल’ वाघ-बिबट्याची वर्दी देतो. पाडसाची आर्त हाक आईला बोलावते.

■ कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार प्राण्याला मारणेच नव्हे, तर आमिष दाखवून पकडण्याचा प्रयत्नही शिकारीत मोडतो. राष्ट्रीय उद्यानात शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते.

■ आपण काय करावे : फोटोसाठीही मोबाइलवर असे आवाज वाजवू नयेत. खोट्या हाकेमागे धावणारी हरणी आपले खरे पाडस एकटे सोडून उघड्यावर येते. तिच्या मायेशी खेळण्याचा हक्क कुणालाही नाही.