सीडी परत करायची घाई नको

शेजाऱ्यांकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेली सीडी, खाली अंथरलेली सतरंजी, आणि सिनेमा संपला तरी उठून दिवा लावायला कोणी तयार नाही. २००४ मध्ये ‘श्वास’ थिएटरात पाहून आलेल्यांनी पुढे घरच्यांसाठी तो असा मागून आणला. पुण्यातल्या व्हिडिओ लायब्ऱ्यांचे ते शेवटचे बरे दिवस होते. कथाही पुण्यात घडलेल्या खऱ्या प्रसंगावर बेतलेली. कोकणातले आजोबा नातवाला शहरात डॉक्टरांकडे आणतात. डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, असे कळते. मग शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात आणि जग दाखवून आणतात. इथे भल्याभल्यांना चष्मा पुसावा लागतो.

‘खोटे आहे हे माहीत असून रडायचे कशाला?’ असे विचारणारे एक काका प्रत्येक घरात असतातच. (बहुधा तेच आवंढा गिळत असतात.) त्या आवंढ्यालाही शरीरशास्त्र आहे. भावना दाटली की जास्त हवा आत यावी म्हणून श्वासनलिकेचे तोंड उघडे राहू पाहते. गिळताना मात्र ते मिटावे लागते. या ओढाताणीत घशात गोळा अडकल्यासारखे वाटते. आणि रडताना नाक वाहते, कारण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. जास्तीचे अश्रू त्या वाटेने जातात.

१९८०च्या सुमारास अमेरिकेत विल्यम फ्रे यांनी लोकांना एकदा कांद्याने आणि एकदा रडका सिनेमा दाखवून रडवले, आणि दोन्ही अश्रू तपासले. सिनेमाच्या अश्रूंत प्रथिने जास्त निघाली. त्यावरून ‘रडल्याने ताणाची द्रव्ये बाहेर पडतात’ ही कल्पना पसरली. आजही ती छातीठोकपणे सांगितली जाते. ती सिद्ध झालेली नाही. काही थेंबांतून असे कितीसे बाहेर पडणार?

त्यापेक्षा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला नेदरलँड्समधला एक प्रयोग जास्त विचार करायला लावतो. ६० जणांना ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ आणि ‘हाची’ हे चित्रपट दाखवले. २८ जण रडले, ३२ रडले नाहीत. सिनेमा संपल्यासंपल्या विचारले, तर न रडलेल्यांचे मन होते तसेच होते आणि रडलेल्यांचे खाली गेलेले. म्हणजे ‘रडून मोकळे झालो’ हे त्या क्षणी तरी खरे नव्हते! वीस मिनिटांनी ते पूर्वपदावर आले. दीड तासाने मात्र रडलेल्यांना सिनेमाआधीपेक्षाही बरे वाटत होते. प्रयोग लहान आहे, पण घरी पाहणाऱ्याला त्यातून एक गोष्ट घेता येते. डोळे पुसून लगेच बातम्या लावल्या, की तो दीड तासच हातचा जातो.

सोबतीचाही वाटा आहे. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबर यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले, की करुण चित्रपट एकत्र पाहिल्यावर प्रेक्षकांची वेदना सोसण्याची क्षमता सरासरीने वाढली आणि एकमेकांविषयीची जवळीकही. सगळ्यांची वाढली नाही, हेही खरे. उदासीनतेचा आजार असलेल्यांना रडण्यातून असा हलकेपणा सहसा कमी मिळतो. दोन आठवडे मन खिन्नच आहे, कशातच रस वाटत नाही, तर त्याला सिनेमा हा उपाय नव्हे, डॉक्टरांना भेटावे.

‘श्वास’मधला आजार मात्र रडण्याच्या भरात विसरला जातो. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्यातल्या पडद्याचा कर्करोग बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. साधारण १५ ते २० हजार बाळांमागे एकाला. मूल काही सांगू शकत नाही, एका डोळ्याने दिसेनासे झाले तरी दुसऱ्यावर भागवते. म्हणून खूण मोठ्यांनाच टिपावी लागते. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत बाहुली लाल दिसणे नेहमीचे, पण एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी चमक दिसली, किंवा नव्याने तिरळेपणा आला, तर मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे आणि औषध घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. पांढरी चमक मोतीबिंदूनेही दिसते, नुसत्या फोटोच्या कोनानेही. ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. लवकर सापडले तर बहुतेक मुले वाचतात, आणि अनेकांचा डोळाही. घरात आधी कोणाला हा आजार झाला असेल, तर पाठच्या भावंडांची तपासणी जन्मापासूनच करावी लागते.