बी.एड.चा अर्ज : आधी विषय, मग महाविद्यालय

बदलापूरहून मुरबाडच्या दिशेने जाताना बारवी धरणाचा परिसर लागतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण १९७२ साली उभे राहिले. त्याचे पाणी अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली आणि थेट मीरा-भाईंदरपर्यंत पोहोचते. धरणाच्या आसपासच्या गावांतील जी पदवीधर मुलगी माध्यमिक शिक्षिका होऊ इच्छिते, तिलाही बहुधा त्याच वाटेने शहराकडे निघावे लागते. आधी बदलापूर स्थानक, मग लोकल आणि पुढे उल्हासनगर किंवा कल्याणचे अध्यापक महाविद्यालय. हा प्रवास दोन वर्षांचा आहे. म्हणूनच अर्ज भरण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून विचार करणे अगत्याचे ठरते.

२०१५ पासून बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. महाराष्ट्रात प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गास पदवीला किमान ५० टक्के, तर राज्यातील राखीव प्रवर्गास ४५ टक्के गुण लागतात. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी संगणकावर होते. ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात : बुद्धिमापन ४०, सामान्यज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. इंग्रजी माध्यमासाठी भाषेची स्वतंत्र चाचणी असते.

परीक्षेची तयारी बहुतेक जण मनापासून करतात. दुर्लक्ष होते ते विषयाकडे. व्यापारी कुटुंबांत मुलामुलींचा ओढा वाणिज्य शाखेकडे असतो. बी.कॉम.नंतर बी.एड.ला प्रवेश मिळतोही. परंतु राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या अभ्यासक्रमात वाणिज्य हा स्वतंत्र विषय नाही. हिशेब व पुस्तपालन अकरावीपासून सुरू होते आणि कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकास बी.एड.सोबत किमान द्वितीय श्रेणीतील पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. केवळ बी.कॉम., बी.एड. झालेला उमेदवार या दोन पायऱ्यांच्या मधे अडकतो. त्याने एम.कॉम. आधी करावे की नंतर, याचा निर्णय अर्जापूर्वीच घ्यावा. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास वा भूगोल घेऊन पदवीधर झालेल्यांपुढे ही अडचण नसते. त्यांनी पदवीच्या विषयाशी जुळणारी अध्यापन पद्धती निवडली म्हणजे झाले.

दुसरा प्रश्न हजेरीचा. नियमानुसार वर्गात ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेत ९० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. ही आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची असून त्यातील १६ आठवडे दुसऱ्या वर्षी येतात. नोकरी सांभाळून, हजेरीवाचून पदवी मिळवून देण्याची आमिषे कानावर येतात. त्यांपासून दूर राहावे. फळा, चाळीस-पन्नास मुले आणि पस्तीस मिनिटांची तासिका यांची सवय याच काळात होते. ती नसलेली पदवी म्हणजे अनामत रक्कम नसलेले पासबुक.

पदवीनंतरचा मार्गही आधीच जाणून घ्यावा. शासकीय व अनुदानित शाळांतील भरती ‘पवित्र’ प्रणालीद्वारे, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर होते. ही चाचणी दरवर्षी होतेच असे नाही. २०१७ नंतरची चाचणी २०२३ मध्ये आणि त्यापुढची २०२५ मध्ये झाली. सहावी ते आठवीसाठी टीईटी उत्तीर्ण असणेही लागते. तात्पर्य, पदवी हाती येताच नोकरी लागेल असा हिशेब मांडू नये. मधल्या काळासाठी खाजगी शाळा किंवा शिकवणीची तयारी असावी आणि शिक्षणासाठी कर्ज काढायचे झाल्यास त्याचा हप्ता त्या उत्पन्नातून फिटेल एवढाच ठेवावा.

कागदपत्रांत सर्वाधिक घोटाळा नावांचा होतो. विवाहित महिलांची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचे असते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल आधीच तयार ठेवावा. अल्पसंख्याक कोट्यातून अर्ज करणाऱ्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माची नोंद तपासून घ्यावी.

शेवटी महाविद्यालयांचा पसंतीक्रम. तो भरताना नामांकनाइतकाच परतीच्या गाडीचा विचार व्हावा. स्थानकापासून महाविद्यालय किती अंतरावर आहे आणि सायंकाळी बदलापूरहून गावी जाणारे शेवटचे वाहन किती वाजता सुटते, हे पालकांनी एकदा मुलीसोबत स्वतः जाऊन पाहावे. पसंतीक्रम त्यानंतर भरावा.