रस्ता कोणाचा?

एस. टी. मधून प्रवास करीत असताना रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड तुम्ही पाहिले असतील. त्यांचे अंग पांढरे असते. माथा मात्र कोठे पिवळा, कोठे हिरवा, तर कोठे नारिंगी. हा रंग शोभेसाठी दिलेला नसतो. रस्ता कोणत्या वर्गातला आहे, हे त्यावरून ओळखावयाचे असते.

पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा. श्रीनगरहून नागपूरमार्गे कन्याकुमारीस जाणारा ४४ क्रमांकाचा मार्ग हा असाच एक महामार्ग होय. त्याची जबाबदारी केंद्र सरकारची. देशातील सुमारे ६३ लाख किलोमीटर रस्त्यांपैकी महामार्ग जेमतेम दीड लाख किलोमीटर भरतात. परंतु सुमारे ४० टक्के वाहतूक त्यांवरून चालते. हिरवा माथा राज्यमार्गाचा. महाराष्ट्रात राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग सांभाळतो, तर इतर जिल्हामार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. २००० साली सुरू झालेल्या ग्रामसडक योजनेतील रस्त्यांवर नारिंगी माथ्याचा दगड दिसतो. या वर्गवारीचा पाया १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत घातला गेला.

चाकांनी रस्ता झिजतो हे खरे. परंतु त्याचा मोठा वैरी पाणी होय. म्हणून रस्ता मध्यभागी किंचित उंच ठेवतात, दोन्ही कडांना चर खणतात आणि ओहोळाच्या जागी मोरी बांधतात. चर बुजला की पाणी तुंबते व डांबराच्या भेगांतून आत झिरपते. खालच्या खडी-मुरमाची पकड सुटते. मग एखादी जड मालमोटार वरून गेली की तेवढा भाग खचून खड्डा पडतो. तो बुजविताना सैल भाग चौकोनी कापून काढावा लागतो, तळ कोरडा करावा लागतो, त्यावर डांबराचा हात देऊन मग खडी-डांबर दाबून बसवावे लागते. घाईने नुसतीच ओतलेली खडी चार दिवसांत उधळून जाते, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे! पूर्वी ठरावीक अंतरासाठी एक मैलकुली नेमलेला असे. फावडे व घमेले घेऊन तो पावसापूर्वीच चर मोकळे करी.

मी शिक्षक होतो त्या एका गावी मोरी गाळाने बुजली होती. कडेचा दगड पडून केव्हाच गवतात गडप झालेला. एक कचेरी म्हणे, रस्ता आमचा नव्हे. दुसरीही तेच म्हणे. आषाढात एका रात्री मोरीजवळचा रस्ता वाहून गेला. एस. टी. बंद पडली, पलीकडच्या वाडीतील मुले शाळेस मुकली, आणि एका बाळंतिणीला खाटेवर घालून चिखलातून न्यावे लागले. पाणी ओसरल्यावर नोंदवही उघडण्यात आली, तेव्हा रस्ता कोणाचा ते कळले. मोरीतील गाळ काढावयास चार माणसांना अर्धा दिवस लागला.