अर्धी बस येत नाही! स्प्रेडशीट आणि पूर्ण संख्यांची अट

शाळेच्या सहलीला विद्यार्थी व शिक्षक मिळून १६८ जण जाणार आहेत. मोठ्या बसमध्ये ५० जण बसतात आणि तिचे भाडे ९,००० रुपये आहे. छोट्या बसमध्ये २० जण बसतात आणि तिचे भाडे ४,००० रुपये आहे. कोणत्या किती बस ठरवाव्यात, म्हणजे सगळ्यांना जागा मिळेल आणि खर्चही कमीत कमी होईल?

मोठ्या बसमध्ये माणशी १८० रुपये पडतात, छोट्या बसमध्ये २०० रुपये. म्हणून सगळ्या मोठ्या बस घेणेच स्वस्त, असे वाटते. १६८ ला ५० ने भागले की उत्तर येते ३.३६ बस, खर्च ३०,२४० रुपये. पण ३.३६ बस कोणी पाठवत नाही. जवळची पूर्ण संख्या म्हणून ३ बस घेतल्या, तर १८ मुले शाळेच्या दारातच उभी राहतील. ४ घेतल्या, तर सगळे बसतील, पण खर्च ३६,००० रुपये होईल. खरे उत्तर या दोन्हींहून वेगळे आहे. ३ मोठ्या आणि १ छोटी, म्हणजे १७० जागा आणि खर्च ३१,००० रुपये. अपूर्णांकातल्या उत्तरात छोटी बस नव्हतीच. ते उत्तर वर-खाली कसेही 'गोळाबेरीज' केले, तरी ती छोटी बस आपल्याला सापडली नसती.

या लेखाचा मुद्दा नेमका हाच आहे. पूर्ण संख्यांची अट म्हणजे उत्तरावर शेवटी फिरवायचा हात नव्हे. ती घातली की गणिताचा स्वभावच बदलतो. हे लक्षात घेतले नाही, तर संगणकाने दिलेल्या उत्तरातही फसगत होते. मग आपण 'संगणक चुकला' असे म्हणतो, आणि संगणकाने मात्र आपण सांगितले तेवढेच केलेले असते.

संगणकाला प्रश्न कसा सांगायचा?

एक्सेल या स्प्रेडशीटमध्ये 'सॉल्व्हर' नावाची सोय आहे. लिब्रेऑफिस कॅल्क या मोफत मिळणाऱ्या स्प्रेडशीटमध्येही याच नावाची सोय आहे. सॉल्व्हरला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, कोणत्या सेलमधील संख्या त्याने बदलायच्या. आपल्या उदाहरणात मोठ्या बसची संख्या आणि छोट्या बसची संख्या असे दोन सेल आहेत. दुसरी, कोणत्या सेलमधील किंमत कमीत कमी किंवा जास्तीत जास्त हवी. येथे तो एकूण खर्चाचा सेल. तिसरी, अटी. येथे एकूण जागा १६८ किंवा त्याहून जास्त हव्यात आणि बसची संख्या ऋण नको.

एवढे सांगितले की सॉल्व्हर ३.३६ आणि ० अशी उत्तरे देतो. बारावीच्या गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंगची उदाहरणे आपण आलेख काढून सोडवतो, तेच हे काम. पूर्ण संख्या हव्या असतील, तर आणखी एक अट घालावी लागते. अटींच्या यादीत 'पेक्षा कमी', 'बरोबर', 'पेक्षा जास्त' या चिन्हांबरोबर 'इंट' असाही एक पर्याय असतो. बदलत्या सेलना तो लावला की त्यांत फक्त पूर्णांकच चालतात. 'बिन' या पर्यायाने ० किंवा १ एवढ्याच संख्या चालतात. 'हो की नाही' अशा प्रश्नांसाठी तो उपयोगी पडतो.

मशीन आत काय करते?

अपूर्णांकी लिनिअर प्रोग्रॅमिंगसाठी जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली सिम्प्लेक्स पद्धत शोधली. पण अपूर्णांकातले उत्तर अनेकदा निरर्थक ठरते. १९५७ साली राल्फ गोमोरी हे तरुण गणिती अमेरिकेच्या नौदलासाठी सल्लागाराचे काम करीत होते. तेथील एका सादरीकरणात उत्तर निघाले १.३ विमानवाहू जहाजे! यातूनच पूर्णांकी उत्तर मिळवण्याचा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळू लागला आणि १९५८ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. १९६० साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील एल्सा लँड व ॲलिसन डॉइग या दोघींनी आणखी एक पद्धत मांडली. तिला आज 'ब्रँच अँड बाउंड' म्हणतात. फांद्या पाडणे आणि मर्यादा घालणे, असा तिचा अर्थ. स्प्रेडशीटचा सॉल्व्हर मुख्यतः हीच पद्धत वापरतो. आपल्या बसच्या उदाहरणात ती हाताने करून पाहता येते.

प्रथम पूर्णांकाची अट सोडून द्यायची. उत्तर ३.३६ मोठ्या बस, खर्च ३०,२४०. पूर्णांकी उत्तर याहून स्वस्त असूच शकत नाही. ही झाली मर्यादा. आता मोठ्या बस एक तर ३ किंवा त्याहून कमी असतील, नाही तर ४ किंवा त्याहून जास्त. या झाल्या दोन फांद्या.

'४ किंवा जास्त' या फांदीवर लगेच पूर्णांकी उत्तर मिळते. ४ मोठ्या, खर्च ३६,०००. ते हाताशी ठेवायचे. '३ किंवा कमी' या फांदीवर उत्तर येते ३ मोठ्या आणि ०.९ छोट्या, खर्च ३०,६००. येथे छोट्या बसच्या संख्येवरून पुन्हा दोन फांद्या पडतात. छोटी बस शून्य असेल, तर जागा १५० च होतात, म्हणून ती फांदी बाद. छोटी किमान एक असेल, तर २.९६ मोठ्या आणि १ छोटी, खर्च ३०,६४०. पुन्हा दोन फांद्या. मोठ्या ३ घेतल्या, तर १ छोटी पुरते आणि खर्च ३१,०००. हे पूर्णांकी उत्तर आधीच्या ३६,००० पेक्षा चांगले आहे. मोठ्या २ किंवा कमी घेतल्या, तर अपूर्णांक चालवूनही खर्च ३१,६०० च्या खाली येत नाही. हाताशी ३१,००० चे उत्तर असताना त्या फांदीकडे पाहण्याचे कारण उरत नाही. शोध संपला.

या पद्धतीची खुबी अशी की सगळ्या शक्यता मोजाव्या लागत नाहीत. पण फांद्या किती पडतील हे आधी सांगता येत नाही. 'हो की नाही' असे ३० निर्णय असतील, तर शक्यता १०७ कोटींहून अधिक होतात. ० आणि १ यांच्यातला हा प्रश्न अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे १९७२ साली रिचर्ड कार्प यांनी दाखवले. १९८४ साली बेल प्रयोगशाळेत काम करणारे आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी असलेले नरेंद्र करमरकर यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगसाठी नवी वेगवान पद्धत शोधली. तिचा फायदा अपूर्णांकी प्रश्नाला थेट मिळतो, पण पूर्णांकाच्या अटीचा कठीणपणा त्यामुळे नाहीसा होत नाही.

उत्तर विचित्र आले, तर काय तपासावे?

१. दिसते ते आणि असते ते. सेलमध्ये दशांश स्थळे शून्य ठेवली असतील, तर ३.३६ ही संख्या पडद्यावर ३ अशी दिसते. अट पाळली गेली असे वाटते, पण खर्चाच्या सेलमध्ये ३०,२४० असते. ३ गुणिले ९,००० म्हणजे २७,०००. हिशोब जुळत नाही. म्हणून दशांश स्थळे वाढवून पाहावीत आणि एकदा हाताने गुणाकार करावा. याउलट कधी २.९९९९९९९ अशी संख्या दिसते. ती चूक नव्हे. अगदी सूक्ष्म फरक सॉल्व्हर चालवून घेतो. मात्र अशा संख्येवर पुढे 'इंट' हे सूत्र वापरले, तर २ मिळतील आणि एक बस कमी पडेल. पुढील हिशोबासाठी 'राउंड' वापरावे.

२. अट दुर्लक्षित तर नाही? एक्सेलच्या सॉल्व्हरच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'इग्नोअर इंटिजर कन्स्ट्रेन्ट्स' अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण असेल, तर पूर्णांकाच्या अटी यादीत दिसतात, पण पाळल्या जात नाहीत. अपूर्णांकी मर्यादा पाहण्यासाठी कोणी ती खूण केली आणि काढायची राहिली, असे सहज घडते.

३. अट कोणत्या सेलला लावली? 'इंट' आणि 'बिन' या अटी एक्सेलमध्ये फक्त बदलत्या सेलना लावता येतात. सूत्राने आलेल्या बेरजेच्या सेलला त्या लावल्या, तर सॉल्व्हर तक्रार करतो. बेरीजच पूर्णांक हवी असेल, तर एक नवा बदलता सेल घ्यावा, त्याला 'इंट' लावावे आणि बेरीज त्याच्याबरोबर असावी अशी अट घालावी.

४. 'बरोबर' की 'किमान'? जागा 'बरोबर १६८' अशी अट घातली, तर अपूर्णांकात हवी तेवढी उत्तरे मिळतात, पूर्णांकात एकही नाही. सॉल्व्हर 'उत्तर शक्य नाही' असे सांगतो आणि ते खरेच असते. ५० व २० यांचा मसावि १० आहे, म्हणून त्यांच्या पटींची बेरीज नेहमी १० च्या पटीतच येणार. १६८ ही १० ची पट नाही. आठवणीतला मसावि येथे असा अचानक कामाला येतो!

५. सूत्रात 'राउंड' किंवा 'इफ' आहे का? 'इंट'ची अट घालण्याऐवजी काही जण खर्चाच्या सूत्रातच 'राउंड' लिहितात. त्यामुळे खर्चाचा आलेख जिन्यासारखा होतो. चढ-उतार पाहून पुढे सरकणाऱ्या 'जीआरजी नॉनलिनिअर' या पद्धतीला सपाट पायरीवर उतार सापडत नाही आणि ती सुरुवातीच्या जागीच थांबते. 'सिम्प्लेक्स एलपी' पद्धत तर गणित रेषीय नसल्याचे सांगून काम नाकारते. एक्सेल आपण न सांगता 'जीआरजी' निवडते, म्हणून रेषीय प्रश्नासाठी 'सिम्प्लेक्स एलपी' आठवणीने निवडावी. समजा, एक तरी छोटी बस घेतली तर ५०० रुपये वेगळे भरावे लागतात. तेथे 'इफ' न लिहिता ० किंवा १ चा एक नवा सेल घ्यावा, खर्चात ५०० गुणिले तो सेल मिळवावा आणि 'छोट्या बस या सेलच्या दहापटीपेक्षा जास्त नकोत' अशी अट घालावी. आपल्या प्रश्नात नऊपेक्षा जास्त छोट्या बस लागतच नाहीत, म्हणून दहापट पुरते. सेल ० असेल तर छोटी बस मिळत नाही. मिळवायची तर सेल १ करावा लागतो आणि ५०० रुपये आपोआप लागू होतात.

६. मशीन लवकर तर थांबले नाही? ही सर्वांत फसवी गोष्ट. पूर्णांकी शोध लांबू नये म्हणून सॉल्व्हरला थोडी सूट दिलेली असते. हाताशी असलेले उत्तर मर्यादेच्या ठराविक टक्क्यांच्या आत आले की तो थांबतो. ही सूट जुन्या आवृत्त्यांत ५ टक्के असे. आता ती बहुधा १ टक्का असते. समजा, आपल्याला ८ जणांची जीपही १,७०० रुपयांना मिळते. ३ मोठ्या बस आणि ३ जीप यांचा खर्च ३२,१००. मर्यादा ३०,६०० पर्यंत आलेली असेल, तर हे उत्तर ५ टक्क्यांच्या आत बसते. येथेच थांबले, तर १,१०० रुपये उगाच जातात. तीस लाखांच्या खर्चात एक टक्का म्हणजे तीस हजार रुपये! म्हणून 'ऑप्शन्स'मधील 'इंटिजर ऑप्टिमॅलिटी' शून्य करून पुन्हा चालवावे. वेळ किंवा फांद्यांची मर्यादा संपून सॉल्व्हर थांबला असेल, तर ते 'आतापर्यंतचे चांगले' उत्तर असते, 'सर्वोत्तम' नव्हे. शेवटचा संदेश न वाचता 'ओके' दाबू नये.

आणखी एक गोष्ट. अपूर्णांकी प्रश्नात 'एक जागा वाढली तर खर्च किती वाढेल' हे सांगणारा संवेदनशीलतेचा अहवाल मिळतो. पूर्णांकी प्रश्नात त्याला अर्थ नसतो. १६९ वा आणि १७० वा प्रवासी फुकट बसतो, १७१ वा मात्र नवी बस मागतो. असा प्रश्न असेल, तर संख्या बदलून गणित पुन्हा चालवावे.

वर्गात करून पाहण्यासाठी

विद्यार्थ्यांना प्रवाशांची संख्या १६८, १७१, १८५ आणि २०० अशी देऊन हाताने उत्तर काढायला सांगावे, मग तेच सॉल्व्हरकडून पडताळावे. मोठ्या बस ०, १, २, ३, ४ धरून तक्ता केला की पाच-सहा ओळींत काम होते. संख्या थोडी वाढली की उत्तर हळूहळू न वाढता उडी मारते, कधी छोट्या बसची संख्या वाढण्याऐवजी घटते, हे त्यांना स्वतः दिसेल. वेळापत्रकातील शिक्षक, दवाखान्यातील खाटा, कारखान्यातील यंत्रे ही सगळी अशीच मोजायची असतात. अशा ठिकाणी उत्तर वापरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय लागावी. संख्या खरोखर पूर्ण आहेत का? सगळ्या अटी हाताने तपासल्यावर पाळल्या जातात का? आणि मशीन सर्वोत्तम उत्तरावर थांबले, की फक्त पुरेशा चांगल्या उत्तरावर? हे तीन प्रश्न संगणक आपल्या वतीने विचारत नाही. ते आपणच विचारायचे असतात.