धावत्या पाण्याला अडवण्याचा पगार

एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की दहा हजार लिटर पाणी जमिनीवर उतरतं. एक टँकरभर. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या अवर्षणप्रवण तालुक्यातही दर हेक्टरी पाचशे टँकर आभाळातून येतात, तेही फुकट. आणि त्याच गावात मे महिन्यात पाण्याचा टँकर रस्त्याने येतो. मधल्या काळात ते पाणी गेलं कुठे, हे शोधायला आणि त्याला जाऊ न द्यायला सरकार चक्क माणसं नेमतं. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं चाळणाऱ्या कितीतरी मुलांना ही नोकरी ठाऊकच नसते.

पाणी निसटतं कसं, ते आधी पाहू. पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला साधारण नऊ मीटर वेगाने खाली येतो. उघड्या मातीवर आदळला की कण सुटे करून उडवतो. त्यातले बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात, वर पापुद्रा धरतो, आणि मुरणारं पाणी वाहायला लागतं. उतारावर त्याचा वेग दुप्पट झाला की अंगातली ताकद चौपट होते. जाताना ते माती नेतं. हेक्टरभर शेतातून मिलिमीटरभर थर गेला, तर दहा घनमीटर माती गेली. वजनात बारा-तेरा टन. शेताच्या मालकाला सकाळी काहीच बदललेलं दिसत नाही!

यावरचा उपाय इतका साधा आहे, की त्यासाठी पदवी कशाला, असं वाटावं. डोंगराच्या उतारावर आडवे चर खणायचे. याला सलग समतल चर म्हणतात. दोन फूट रुंद आणि फूटभर खोल चराच्या प्रत्येक मीटरमध्ये एका भरण्याला सुमारे एकशेऐंशी लिटर पाणी थांबतं. शंभर मीटरला अठरा हजार. मोठा पाऊस झाला की तो भरतो, जिरतो, पुन्हा भरतो. पण सगळं इंगित त्या ‘समतल’मध्ये आहे. चराची सगळी लांबी एकाच उंचीवर हवी. एक टोक जरासं खाली गेलं, की सगळं पाणी तिकडे धावतं, काठ फोडतं आणि जिथे ओघळ नव्हती तिथे नवी ओघळ पाडतं. म्हणजे चुकीचा चर हा चर नसण्यापेक्षा वाईट. समान उंचीची ती रेघ दुर्बिणीच्या लेव्हलने काढता येते, तशीच तीन काठ्या आणि एक ओळंबा बांधलेल्या ए-फ्रेमनेही. डोंगराला आपल्या डोळ्यांना न दिसणारी आडवी रेघ असते आणि ती तीन काठ्यांनी सापडते, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसरं सूत्र ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरमाथ्यावर चर, मग घळीत अनगड दगडांचे बांध, मग शेतातली बांधबंदिस्ती, आणि शेवटी ओढ्यावर सिमेंट नालाबांध. उद्घाटनाचा फोटो नालाबांधावर चांगला येतो म्हणून पुष्कळदा सुरुवात तिथूनच होते. मग वरची माती येऊन बांध गाळाने भरतो. तेव्हा ‘आधी माथा’ असं ठणकावून सांगणारा अधिकारी गावाला लाभला, तर ते गावाचं नशीबच.

बांधबंदिस्ती हे सरकारी काम बरंच जुनं. मुंबई प्रांताने त्यासाठी १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदाच केला होता. आज राज्यात स्वतंत्र मृद व जलसंधारण विभाग आहे. सहाशे हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेल्या लहान योजना त्याच्याकडे येतात. तिथल्या जलसंधारण अधिकारी (स्थापत्य) पदाला स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका लागते. २०२३ च्या अखेरीस या पदाच्या ६७० जागांची जाहिरात निघाली; पहिली परीक्षा गैरप्रकारामुळे रद्द झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा घ्यावी लागली. या वाटेवर अभ्यासाइतकीच चिकाटीही लागते.

चरांचं काम मात्र बहुतांशी कृषी विभागाकडे. तिथे कृषीची पदविका किंवा पदवी घेऊन गावपातळीवर शिरता येतं, नाहीतर लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेतून अधिकारी होता येतं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकी शिकवतात, आणि मृद व जलसंधारण हा त्यातला एक मुख्य विषय.

भूविज्ञानवाल्यांची वाट निराळी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं राज्यभरातल्या ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजतात. दोरी सोडायची, आकडा लिहायचा. दिसायला किती नीरस काम! पण महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन बेसॉल्ट खडकावर आहे. हा खडक स्पंजसारखा पाणी शोषत नाही. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात. म्हणून एका बांधाला लागून दोन विहिरी, एक तुडुंब आणि दुसरी कोरडी. मे आणि ऑक्टोबरच्या आकड्यांतला फरक सांगतो, की पावसाने जमिनीच्या पोटात साधारण किती टाकलं.

आणि ज्यांना मातीचंच वेड आहे, त्यांनी नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो ही संस्था लक्षात ठेवावी. तिथले शास्त्रज्ञ माणसाएवढा खड्डा खणून आत उतरतात, भिंतीतले मातीचे थर मोजतात, रंगतक्त्याशी रंग ताडतात आणि चिमूटभर ओली माती बोटांत दाबून तिची फीत किती लांब निघते ते पाहतात. त्यावरून चिकणमातीचा अंदाज येतो. आपली काळी माती या खड्ड्यात चकित करते. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, वरची माती आत पडते, पावसात ती फुगून खालची वर ढकलते. हजारो वर्षं ती स्वतःच स्वतःची उलथापालथ करत आली आहे. डेहराडूनची भारतीय मृदा व जल संरक्षण संस्था १९५४ पासून माती आणि पाणी राखण्याच्या उपायांवर संशोधन करते. अशा संस्थांत शिरायचं, तर पदव्युत्तर शिक्षणानंतर कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची परीक्षा द्यावी लागते.

या नोकरीत खुर्ची कमी आणि चढण जास्त, हे मात्र आधी ओळखून असा. जाहिराती विभागांच्या आणि लोकसेवा आयोगाच्या अधिकृत संकेतस्थळांवरच पाहा. आणि अर्ज भरण्यापूर्वी, भर पावसात, जवळच्या चर खणलेल्या डोंगरावर एकदा जाऊन या. तिथे तासभर उभं राहावंसं वाटलं, तर खुशाल अर्ज करा.