काच लवली, मक्तेदारी लवेल काय?

समुद्रतळाशी हजारो किलोमीटर बिनतक्रार धावणारा प्रकाशतंतू ग्राहकाच्या उंबरठ्याशी येऊन अडखळत असे. कारण साधे होते. तांब्याची तार भिंतीच्या कोपऱ्याला वा दाराच्या चौकटीला जुमानत नाही; काचेच्या तंतूतील प्रकाश मात्र तीव्र वळणावर बाहेर सांडतो. सर्वसाधारण तंतूला सुमारे ३० मिलिमीटर त्रिज्येचे वळण लागते. राहत्या घरात एवढी ऐसपैस वळणे आणावयाची कोठून?

विज्ञानाने ही अडचण दूर केली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये वळण सोसणाऱ्या तंतूसाठी 'जी.६५७' हे प्रमाण ठरविले. २००७ मध्ये कॉर्निंग या अमेरिकन कंपनीने असा तंतू पुढे आणला. आज या प्रमाणातील काही तंतू ५ मिलिमीटरच्या वळणावरही काम देतात. वर चिवट धाग्यांचे व प्लॅस्टिकचे कवच चढविले, की तार घरातील ओढाताणही सोसते.

यात कंपन्यांचे हित उघड आहे. घरातील जोडणीत काचेपेक्षा मजुरी महाग पडते. टिकाऊ तारेमुळे दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा माणूस धाडावा लागत नाही. परंतु टिकाऊपणाला दुसरी बाजूही आहे. वर्षानुवर्षे टिकणारी ही तार एकाच कंपनीची असेल, तर कंपनी बदलू पाहणाऱ्या ग्राहकाला पुन्हा भिंत फोडावी लागेल, किंवा मुकाट्याने वाढीव दर द्यावा लागेल. बहुतेक जण दुसरा मार्ग पत्करतील. स्पर्धा रस्त्यावर राहील आणि घरात मक्तेदारी नांदेल.

फ्रान्सने हा धोका वेळीच ओळखला. इमारतीत प्रथम तंतू टाकणाऱ्या कंपनीने तो वाजवी अटींवर इतरांनाही वापरू द्यावा, असे बंधन तेथील ४ ऑगस्ट २००८ च्या कायद्याने घातले. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये इमारतींतील अशा सोयींच्या मूल्यांकनाचे विनियम केले. पाऊल योग्य आहे. तथापि मूल्यांकन म्हणजे मालकी नव्हे.

मुंबई-पुण्याच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना सामायिक मालमत्तेचा व्यवहार नवा नाही. जिना आणि पाण्याची टाकी जशी सर्वांची, तशीच जिन्यातून घरात जाणारी तारही रहिवाशांचीच असावी. कंपन्यांनी तिच्यावरून सेवा द्यावी. अभ्यास, नोकरीचे अर्ज आणि बँकेचे व्यवहार या तारेवर येऊन ठेपले असताना तिची मालकी हा किरकोळ प्रश्न राहिलेला नाही. तो तार बसविण्यापूर्वीच सोडविणे शहाणपणाचे. भिंत बुजविल्यावर त्याचे उत्तर महाग पडेल.